अंदाज आणि हमी : क्वेरी-प्रक्रियेवरील अलीकडील संशोधनाची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत डेटाबेस हा विषय अनेक वर्षांपासून शिकविला जात असला, तरी त्या विषयात आज कोणते संशोधन चालले आहे याची चर्चा आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतून क्वचितच होते. जी होते ती बहुधा नव्या साधनांच्या नामावळीपुरती. प्रस्तुत लेखात क्वेरी-प्रक्रिया या एकाच उपशाखेकडे, आणि त्यातही मुंबई व बंगळूर येथे झालेल्या कामाकडे, चिकित्सक दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. एखादी नवी पद्धती सरासरीने किती वेगवान आहे हे सांगणारे निबंध भरपूर आहेत. ती चुकली तर किती चुकेल, आणि ती मर्यादा आधी सांगता येते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो. या कसोटीवर सर्वाधिक गाजलेले संशोधन सर्वाधिक खरे उतरत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही विषय समजावा म्हणून उदाहरणे बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर परिसरातील घेतली आहेत.

गुणाकाराची चूक

एसक्यूएल या भाषेत आपण डेटाबेसला काय हवे ते सांगतो. ते कसे आणावे हे सांगत नाही. कोणते कोष्टक आधी उघडायचे, इंडेक्स वापरायचा की सर्व नोंदी वाचायच्या, दोन कोष्टकांची जुळणी कोणत्या रीतीने करायची, हे सर्व ऑप्टिमायझर नावाचा घटक ठरवितो. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत आजही बहुतेक ठिकाणी पायाभूत आहे. संभाव्य योजनांचा खर्च अंदाजाने काढावयाचा आणि सर्वांत स्वस्त योजना निवडावयाची, अशी ती रीत. खर्चाचा अंदाज नोंदींच्या संख्येवर अवलंबून असतो, आणि ही संख्याही क्वेरी चालविण्यापूर्वी अंदाजानेच ठरवावी लागते. माहिती हाताशी नसेल तेव्हा काय करावे याचे सेलिंजर यांच्या निबंधातील उत्तर मोठे प्रांजळ आहे. समानतेच्या अटीला एकदशांश नोंदी पात्र ठरतात असे धरून चालावे, असे त्यात म्हटले आहे.

आता नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकरचे उदाहरण घेऊ. समजा, पुणे जिल्ह्यातील गटवार पीकनोंदींचे एक कोष्टक आहे आणि त्यात १० लाख नोंदी आहेत. त्यांपैकी ८ टक्के नोंदी बारामती तालुक्यातील आणि ०.२ टक्के, म्हणजे २,००० नोंदी, वडगाव निंबाळकरच्या आहेत. ‘तालुका बारामती आणि गाव वडगाव निंबाळकर’ अशी क्वेरी केली की सामान्य ऑप्टिमायझर दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो. १० लाख गुणिले ०.०८ गुणिले ०.००२ म्हणजे १६० नोंदी. प्रत्यक्षात त्या २,००० आहेत, कारण गाव सांगितले की तालुका आपोआप ठरतो. दुसऱ्या अटीने काहीच गाळले जात नाही. यात ‘पीक ऊस’ आणि ‘सिंचन कालवा’ या अटी घाला. जिल्ह्यात ऊस २० टक्के आणि कालव्याचे सिंचन २५ टक्के धरले, तर अंदाज ८ नोंदींवर येतो. पण नीरा डाव्या कालव्याखालच्या या शिवारात ऊस आणि कालवा जोडीनेच आढळतात. खऱ्या नोंदी १,२०० निघाल्या तर अंदाज दीडशे पटींनी चुकला. आठच नोंदी येणार असे समजून ऑप्टिमायझर प्रत्येक नोंदीमागे दुसऱ्या कोष्टकात एक फेरी मारण्याची योजना निवडतो, आणि मग १,२०० फेऱ्या घडतात. पुढे तिसरे, चौथे कोष्टक जोडले की चूक चुकीवर बसत जाते. (वरील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत; परस्परसंबंध मात्र खरा आहे.)

साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा चिटबॉय ही चूक करणार नाही. वडगावच्या कालव्याकाठी ऊस किती आणि सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यात किती, हे त्याला विचारले तर तो दोन टक्केवाऱ्यांचा गुणाकार करीत बसत नाही. त्याच्या डोक्यात गाव, पाणी आणि पीक एकत्रच नोंदलेले असते.

ही अडचण केवळ आपल्याकडील माहितीची नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील व्हिक्टर लाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘ऑप्टिमायझर खरोखर किती चांगले असतात?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी चित्रपटांविषयीच्या आयएमडीबी या खऱ्या माहितीवर ११३ क्वेरी चालविल्या. तोवर बहुतेक संशोधन टीपीसी-एच या कृत्रिम माहितीवर तपासले जात होते. ती माहिती मुळातच समान विखुरलेली आणि बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्र अशी तयार केलेली असते. म्हणजे ऑप्टिमायझर जे गृहीत धरतो तेच खरे असलेल्या जगात त्याची परीक्षा घेतली जात होती. खऱ्या माहितीवर मात्र जुळण्यांची संख्या वाढत जाते तसा अंदाज कित्येक पटींनी घसरतो, आणि तो बहुधा खऱ्या संख्येच्या खाली राहतो, असे या अभ्यासात सर्व तपासलेल्या प्रणालींबाबत आढळले. खर्चाची सूत्रे सुधारण्याने मिळणारा लाभ त्या मानाने किरकोळ ठरला. या निबंधाचे प्रस्तुत लेखकास वाटणारे खरे मोल त्यातील एका साध्या निरीक्षणात आहे. इंडेक्स नसताना फेऱ्या मारण्याच्या योजनेला बंदी केली आणि हॅश-कोष्टकाला चालू असतानाच आकार बदलू दिला, तर सर्वांत वाईट अनर्थांपैकी बरेच टळतात. अंदाज तेवढाच चुकीचा राहतो. त्याची किंमत तेवढी कमी होते.

मुक्तस्रोत असलेल्या पोस्टग्रेस-क्यूएल या प्रणालीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून स्तंभांमधील परस्परसंबंध नोंदविण्याची सोय आली आहे, आणि बाराव्या आवृत्तीत ती वाढविण्यात आली. गाव आणि तालुका यांचा संबंध तिला सांगितला की वरील पहिली चूक नाहीशी होते. पण हा संबंध आहे हे कोणीतरी माणसाने सांगावे लागते. चिटबॉयला आज्ञावली लिहिता येत नाही आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने शिवार पाहिलेले नसते.

शिकणाऱ्या यंत्राचा दावा

माणसाने सांगण्याऐवजी यंत्रानेच हे संबंध शिकावेत, ही कल्पना त्यामुळे स्वाभाविक होती. ती वाटते तितकी नवीही नाही. आयबीएमच्या डीबी-टू प्रणालीसाठी ‘लिओ’ हा स्वतःच्या चुकांवरून शिकणारा ऑप्टिमायझर २००१ मध्येच मांडला गेला होता. त्याही आधी, १९९८ मध्ये, नवीन काब्रा आणि डेव्हिड डेविट यांनी क्वेरी अर्ध्यावर असताना अंदाज चुकल्याचे ध्यानात येताच उरलेली योजना बदलण्याची पद्धती सुचविली होती. अलीकडील निबंधांच्या प्रस्तावनांतून ‘प्रथमच’ हा शब्द वाचताना या दोन कामांची आठवण ठेवणे बरे.

तथापि २०१८ नंतर या दिशेला वेग आला हे मान्य केले पाहिजे. टिम क्रास्का व सहकाऱ्यांच्या निबंधाने, इंडेक्स म्हणजे ‘नोंद कोठे असेल’ याचे भाकीत करणारे एक प्रारूपच आहे, अशी मांडणी केली. बी-ट्री या रूढ रचनेपेक्षा ७० टक्क्यांपर्यंत अधिक वेग आणि स्मृतीची मोठी बचत असा त्यांचा दावा होता. कल्पना म्हणून ती विलक्षण आहे. पण मूळ मांडणी प्रामुख्याने केवळ वाचल्या जाणाऱ्या माहितीसाठी होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीकनोंद करू लागले. अशा माहितीत वर्षाचे काही आठवडे नोंदींचा पूर येतो आणि एरवी सामसूम असते. बदल सामावून घेणाऱ्या ‘अॅलेक्स’सारख्या रचना २०२० मध्ये पुढे आल्या. मूळ निबंधाचा उल्लेख मात्र आजही या फरकाची दखल न घेता केला जातो.

ऑप्टिमायझरच बदलून टाकू पाहणारी ‘निओ’ ही प्रणाली २०१९ मध्ये आली. रायन मार्कस व सहकाऱ्यांचीच २०२१ मधील ‘बाओ’ तुलनेने विनयशील आहे. ती जुन्या ऑप्टिमायझरला हटवीत नाही. ‘या वेळी अमुक प्रकारची जुळणी वापरू नकोस’ अशा सूचनांच्या संचांतून एक निवडते आणि परिणाम पाहून शिकते. दोन वर्षांत त्याच अभ्यासकांनी महत्त्वाकांक्षा आवरती घेतली, यात प्रस्तुत लेखकास या दिशेचे सर्वांत प्रामाणिक मूल्यमापन दिसते.

इतरांनी केलेली मूल्यमापने अधिक कठोर आहेत. शियाओयिंग वांग व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये शिकलेल्या अंदाज-प्रारूपांची तुलना केली. माहिती स्थिर असताना ही प्रारूपे जुन्या पद्धतींहून अचूक ठरतात, परंतु माहिती वेगाने बदलू लागली की त्यांना ताल राखता येत नाही, असे त्यांना आढळले. त्याहून चिंताजनक असा एक दोष त्यांनी नोंदविला : काही प्रारूपे साधे तर्कही पाळीत नाहीत. अट कडक केली तर पात्र नोंदी वाढू शकत नाहीत, हे शाळकरी मुलालाही कळते. एक एकराहून मोठ्या गटांपेक्षा दोन एकरांहून मोठे गट अधिक असणे अशक्य आहे. शिकलेले प्रारूप मात्र तसे सांगू शकते. सेलिंजर यांचा एकदशांश ढोबळ होता, पण विसंगत नव्हता. २०२४ मध्ये लेहमान, सुलिमोव आणि स्टॉकिंगर यांनी शिकणाऱ्या ऑप्टिमायझरांच्या चाचण्यांचीच चाचणी घेतली. शिकविण्याच्या क्वेरी आणि परीक्षेच्या क्वेरी एकमेकींसारख्या ठेवल्या की निकाल चांगले दिसतात. विभागणी काटेकोर केली की बऱ्याच चाचण्यांत मूळ पोस्टग्रेस-क्यूएलच पुढे राहते, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय आहे. सरावाचाच पेपर परीक्षेला द्यावा आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणून फलक लावावा, त्यातला हा प्रकार आहे.

बंगळूर आणि मुंबई

या पार्श्वभूमीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत हरित्सा यांच्या गटाचे काम वेगळे उठून दिसते. २००५ मध्ये नवीन रेड्डी आणि हरित्सा यांनी ऑप्टिमायझर कोणत्या परिस्थितीत कोणती योजना निवडतो याचे रंगीत नकाशे काढून दाखविले. ‘पिकासो’ हे त्या साधनाचे नाव. अनेक व्यापारी ऑप्टिमायझर किरकोळ फरकाने योजना बदलत राहतात, हे त्या नकाशांतून डोळ्यांना दिसले. पुढे २०१४ मध्ये अंशुमन दत्त आणि हरित्सा यांनी ‘प्लॅन बुके’ ही पद्धती मांडली, आणि तिचे धाडस असे की तिने ज्यांचा नेम नाही ते अंदाजच वापरणे सोडून दिले.

पद्धती सांगण्यास सोपी आहे. आधी अगदी थोडा खर्च मंजूर करून एक योजना चालवावी. तेवढ्यात काम झाले नाही तर ती थांबवावी, मंजुरी दुप्पट करावी आणि त्या खर्चाला साजेशी योजना चालवावी. खऱ्या योजनेचा खर्च ९ एकके असेल, तर १, २, ४, ८ आणि १६ अशा मंजुऱ्यांत काम आटोपते. एकूण खर्च ३१ च्या पुढे जात नाही, म्हणजे साडेतीन पटींहूनही कमी. एकाच अटीचा अंदाज अनिश्चित असेल तेव्हा सर्वोत्तम खर्चाच्या चौपटीपलीकडे आपण कधीही जाणार नाही, ही गणिताने सिद्ध केलेली हमी आहे. चौपट ऐकून वाचक हसेल. परंतु वर दीडशे पटींनी चुकणाऱ्या अंदाजाचे उदाहरण आपण पाहिले आहे, आणि तेथे कोणतीही हमी नव्हती.

हमीलाही मर्यादा आहेत. अनिश्चित अटी वाढल्या की ती सैल होते. याच गटाच्या २०१६ मधील ‘स्पिलबाउंड’ पद्धतीत ती अटींच्या संख्येचा वर्ग अधिक तिची तिप्पट इतकी येते. दोन अटींना १०, पाच अटींना ४०. प्रयोगांत प्रत्यक्ष कामगिरी याहून पुष्कळ चांगली असते, हे खरे. पण चाळीस पटींची हमी घेऊन कोणी प्रशासक निश्चिंत झोपेल असे वाटत नाही. शिवाय योजनांचा संच आधी काढून ठेवण्याचा खर्च मोठा असल्याने ही पद्धती वारंवार येणाऱ्या ठरावीक क्वेरींनाच परवडते. व्यापारी प्रणालींनी ती जशीच्या तशी उचलली नाही, याचे आश्चर्य वाटत नाही. तरीही ‘मला माहीत नाही’ हे गृहीत धरून त्यावर शास्त्र उभारता येते, हे या कामाने दाखविले. ही वृत्ती या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

मुंबईच्या आयआयटीतील परंपरा निराळी. १९९६ साली व्हीएलडीबी ही या विषयातील जागतिक परिषद मुंबईत भरली होती. त्यानंतरच्या वर्षांत तेथील एस. सुदर्शन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक लक्षणीय कामे केली. प्रसन रॉय, शेषाद्री, सुदर्शन व सिद्धेश भोबे यांचा २००० मधील निबंध अनेक क्वेरींमधील सामाईक भाग एकदाच काढून वापरण्याविषयी आहे. गौरव भालोटिया, अरविंद हुलगेरी, चारुता नखे, सौमेन चक्रवर्ती व सुदर्शन यांची २००२ मधील ‘बँक्स’ प्रणाली एसक्यूएल न येणाऱ्यास केवळ शब्द टाकून डेटाबेस धुंडाळू देते. पण प्रस्तुत विवेचनास सर्वांत जवळचे काम म्हणजे कार्यक्रम आणि क्वेरी यांच्या सीमेवरचे.

हे काम कोणत्या दुखण्यावर आहे ते आपल्यापैकी अनेकांनी कार्यालयात भोगले आहे. एका महाविद्यालयात शुल्क थकबाकीची यादी काढण्याचा संगणकीय कार्यक्रम सकाळी सुरू केला की चहा होऊन येईपर्यंत चालत असे. यंत्र जुने झाले असे सर्वांचे मत पडले. प्रत्यक्षात कार्यक्रम आधी विद्यार्थ्यांची यादी मागवीत होता आणि मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र क्वेरी पाठवीत होता. १,८०० विद्यार्थी असतील तर १,८०१ क्वेरी. एका जुळणीत हे सर्व काम होते. येथे ऑप्टिमायझर कितीही शहाणा असला तरी त्याचा इलाज चालत नाही, कारण त्याच्यापुढे एका वेळी एकच छोटी, निर्दोष क्वेरी येते. दोष त्या क्वेरींना एकत्र आणणाऱ्या आवर्तनात आहे आणि ते त्याच्या दृष्टीबाहेर आहे.

रवींद्र गुरवन्नवर आणि सुदर्शन यांनी २००८ मध्ये अशा आवर्तनांचे एकगठ्ठा क्वेरीत रूपांतर करण्याचे नियम दिले. पुढे ‘डीब्रिज’ हे साधन आणि २०१६ मध्ये कार्यक्रमाच्या मजकुरातून समतुल्य एसक्यूएल काढण्याची पद्धती आली. यातील कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि त्यांच्या व सहकाऱ्यांच्या ‘फ्रॉइड’ या कामातून क्वेरीत वापरलेल्या फंक्शनचा बंद पेटारा उघडून त्यातील विधाने क्वेरीतच मिसळण्याची सोय एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या हाती आली. पवईच्या प्रयोगशाळेतील विचारांचा धागा दहाएक वर्षांत एका जागतिक उत्पादनापर्यंत पोहोचला. आपल्या संशोधनाविषयी निराशेने बोलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या कामाचे शास्त्रीय बळ असे की रूपांतर केलेली क्वेरी मूळ कार्यक्रमाइतकेच उत्तर देते हे नियमांनी सिद्ध करता येते. लाभ किती होईल याचा अंदाज चुकू शकतो. उत्तर चुकता कामा नये. प्रत्यक्षात उत्पादनात उतरताना ही शुद्धता राखणे किती कठीण आहे हेही दिसून आले. २०१९ च्या आवृत्तीनंतर आलेल्या दुरुस्ती-संचांतून एकामागून एक रचना या सोयीतून वगळाव्या लागल्या. निबंधात नियम सिद्ध करताना भाषेचा एक नेटका भाग घेतलेला असतो. ग्राहकांनी वीस वर्षांत लिहिलेली भाषा तशी नसते. आवर्तनांचा प्रश्नही ‘फ्रॉइड’मध्ये बाजूस ठेवला होता, तो २०२० मधील ‘अॅगिफाय’ या निबंधात हाताळला गेला.

मुंबईच्याच ‘एक्सडेटा’ या २०११ मधील कामाचे महत्त्व आज नव्याने लक्षात येते. विद्यार्थ्याने लिहिलेली क्वेरी बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी, तिच्यातील सूक्ष्म चूक उघडी पडेल असा डेटा आपोआप तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट. उदाहरणार्थ, आतील जुळणीऐवजी बाहेरील जुळणी हवी होती हे तेव्हाच कळेल, जेव्हा एक तरी शेतकरी असा असेल की ज्याच्या नावे एकही ऊसनोंद नाही. आज भाषिक प्रारूपे माणसाच्या प्रश्नावरून एसक्यूएल लिहून देतात आणि २०१८ मधील ‘स्पायडर’, २०२३ मधील ‘बर्ड’ अशा प्रश्नसंचांवर त्यांचे गुणांकन होते. एखाद्याच डेटावर उत्तर जुळले म्हणजे क्वेरी बरोबर, असे मानणे धोक्याचे असल्याचे ध्यानात येऊन २०२० मध्ये अनेक चाचणी-डेटांचा संच वापरण्याची सूचना पुढे आली. पवईत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना हाच प्रश्न आधी भेटला होता.

कोऱ्हाळ्याची तीन रूपे

येथवर उल्लेखिलेल्या जवळजवळ सर्व कामांत एक गोष्ट गृहीत आहे : कोष्टकातील मूल्य जे दिसते तेच असते. वडगाव निंबाळकरचे शेजारी गाव कोऱ्हाळे. या नावातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन रीतींनी साठविलेला आढळू शकतो. एक, स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, दोन, ‘र’खाली नुक्ता आणि मग हलन्त, तीन, ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंना एक करते. तिसरे रूप मात्र वेगळेच राहते. गावनिहाय मोजणी केली की कोऱ्हाळे दोनदा किंवा तीनदा येते आणि प्रत्येक वेळी अपुरे येते. आकडेवारीही तशीच फुटते. म्हणजे ऑप्टिमायझरचा अंदाज आणि क्वेरीचे उत्तर दोन्ही एकदम बिघडतात. यापैकी कोणत्याही चाचणीत हे ‘चुकले’ म्हणून नोंदले जाणार नाही, कारण क्वेरी वेगाने चालली आणि तिने मागितले तेच दिले. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलताना गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांकही छापण्याचे ठरले, ही त्या दृष्टीने अत्यंत योग्य सुधारणा होती. व्यक्तींच्या नावांना मात्र असा संकेतांक सातबाऱ्यावर नाही.

उत्तर चुकल्याची किंमत काय असते हे २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत राज्याने पाहिले आहे. शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांकडील कर्जखात्यांची माहिती यांचा मेळ घालावा लागला आणि तो न जुळल्याने पात्र शेतकऱ्यांच्या याद्या लांबल्या. डेटाबेसच्या भाषेत ही एक जुळणी होती. ती सेकंदात झाली की मिनिटांत, याने कोणाचे काही बिघडले नसते.

या प्रश्नावरही मुंबईतच काम झाले होते. विनायक बोरकर, कौस्तुभ देशमुख व सुनीता सरावगी यांनी २००१ मध्ये सलग लिहिलेले पत्ते घटकांत तोडण्याची पद्धती दिली, कारण आपले पत्ते अमेरिकन पत्त्यांसारखे ठरावीक साच्यात बसत नाहीत. २००२ मध्ये सरावगी आणि अनुराधा भमिदिपाटी यांनी दुबार नोंदी ओळखण्याची अशी पद्धती मांडली की यंत्र ज्या जोड्यांविषयी साशंक असेल तेवढ्याच माणसापुढे ठेवते. शिकणाऱ्या ऑप्टिमायझरांच्या आजच्या गर्दीत हा विचार पुन्हा वाचण्याजोगा आहे. क्वेरी-प्रक्रियेचे अभ्यासक आणि माहिती-शुद्धीकरणाचे अभ्यासक यांनी एकमेकांची गृहीतके फारशी तपासलेली नाहीत, हे मात्र या क्षेत्रातील मोठे न्यून होय.

आपले शोधनिबंध

आता आपल्याकडे वळू. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे पाठ्यपुस्तक आपल्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. जुन्या आवृत्त्यांतील पेरीरिज नावाच्या बँकशाखेवर आपण सर्वांनी क्वेरी लिहिल्या. २०१० च्या सहाव्या आवृत्तीपासून त्या जागी विद्यापीठाचे उदाहरण आले. त्याच सुदर्शन यांचे संशोधन मात्र आपण वर्गात क्वचितच सांगतो. आणि आपण स्वतः लिहितो ते निबंध? दहा प्रणालींची वैशिष्ट्ये एका तक्त्यात मांडणारे, किंवा टीपीसी-एचवर दोन प्रणालींचा वेग मोजून स्तंभालेख काढणारे. अशा आलेखाने ज्या जगात चूक होऊच शकत नाही त्या जगात चूक झाली नाही एवढेच सिद्ध होते. नियतकालिकांच्या युजीसी-केअर यादीवर बरीच चर्चा झाली, २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. पण ज्या निबंधात लेखकाचे स्वतःचे एकही निरीक्षण नाही तो कोणत्या यादीत होता याने फरक पडत नाही.

याउलट प्रस्तुत लेखात आलेले बरेचसे एका साध्या संगणकावर पडताळता येते. पोस्टग्रेस-क्यूएल विनामूल्य आहे. त्यातील ‘एक्स्प्लेन अॅनलाइझ’ ही आज्ञा प्रत्येक टप्प्यावर अंदाजित नोंदी आणि प्रत्यक्ष नोंदी शेजारी-शेजारी छापते. लाइस यांच्या क्वेरी आणि त्यांमागील माहिती मुक्तपणे उपलब्ध आहे. गाव, तालुका, पीक आणि सिंचन या चार स्तंभांचे कोष्टक विद्यार्थ्यांना स्वतः रचता येते. वरचे प्रमाण घालून १० लाख नोंदी तयार करण्यास काही मिनिटे पुरतात. मग परस्परसंबंधांची आकडेवारी आधी न नोंदवता आणि नंतर नोंदवून तीच क्वेरी चालवावी.

हा पाठ प्रयोगशाळेत घेतला तेव्हा आठ आणि १,२०० हे आकडे एकाच ओळीत पाहून वर्गात हशा पिकला. तेवढ्यात कोऱ्हाळ्याच्या एका विद्यार्थिनीने गावनिहाय मोजणी करून पाहिली. गावांची नावे विद्यार्थ्यांनीच आपापल्या मोबाइलवरून व संगणकावरून टंकित करून एकत्र केली होती. तिचे गाव यादीत दोनदा आले होते, आणि पडद्यावर दोन्ही नावांत तिला काडीचाही फरक दिसत नव्हता. त्या दोन नोंदींची लांबी मोजण्याची आज्ञा तिला शोधून काढावी लागली. त्या दिवशी तास दीड तास लांबला.